लोखंड्यांची पाचवी मागणी

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव निघाले की आमच्या वर्गात एकच उत्तर येते : रविवारची सुट्टी. ते चूक नाही. पण अपुरे आहे. १८८४ च्या सप्टेंबरात परळच्या सभेत गिरणी कामगारांनी जो अर्ज संमत केला आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांनिशी कारखाना आयोगापुढे गेला, त्यात पाच मागण्या होत्या. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे ठरीव तास, वेळेवर पगार. आणि पाचवी अशी की, कामावर गंभीर दुखापत झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा व जो जन्माचा जायबंदी होईल त्याच्या उपजीविकेची योग्य तरतूद व्हावी. पहिल्या मागणीने इतिहासात जागा मिळवली. पाचवी अर्जातच राहिली.

गिरणीत नोकरी केलेल्या आणि 'दीनबंधू' चालवणाऱ्या माणसाला ही मागणी सुचावी यात नवल नाही. उघडे पट्टे, दातेरी चाके, साच्यावरून उडणारा धोटा. बोट जाणे ही तिथली नित्याची गोष्ट होती. त्यावेळचा कायदा काय सांगत होता? १८५५ चा प्राणांतिक अपघातांचा कायदा होता, पण तो मेलेल्याच्या वारसांसाठी. तोही मालकाचा दोष दिवाणी न्यायालयात शाबीत केल्यावर. जिवंत राहिलेल्या जखमीलाही दावा लावायचा तर मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करणे भाग होते. वकील, साक्षीदार, तारखा! साक्षीदार म्हणजे त्याच खात्यातले सोबती, ज्यांची नोकरी मुकादमाच्या मर्जीवर. व्यवहारात मग उरत होती ती मेहेरबानी : चार रुपये हातावर ठेवले, गावी पाठवले, संपले.

मराठी कामगार-साहित्यात संप आहे, चाळ आहे, भोंगा आहे. मामा वरेरकरांनी तर आपल्या गिरणी-कादंबरीला 'धावता धोटा' असे नावच दिले. पण बोट गेल्यानंतर भरपाईच्या कचेरीत खेटे घालणारा माणूस आमच्या वाचनात फारसा आलेला नाही. ही उणीव आम्हांला अर्थपूर्ण वाटते. संपात समूह असतो. दाव्यात माणूस एकटा पडतो.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. अर्जाला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती. या कायद्याने मोठी गोष्ट केली : मालकाचा दोष दाखवण्याची अट काढली. इजा कामाच्या ओघात झालेली असावी 'आणि' कामामुळे उद्भवलेली असावी, एवढेच पुरे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या 'आणि'कडे जरूर पाहावे. एका उभयान्वयी अव्ययावर किती संसार टांगले गेले! शिवाय हक्क सोडून देण्याचा करार निरर्थक ठरवला गेला आणि परस्पर तडजोड आयुक्ताकडे नोंदवणे आवश्यक केले, म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन प्रकरण मिटवता येऊ नये.

त्या अंगठ्याचीही किंमत परिशिष्टात लिहिली होती. उजवा हात कोपराच्या वर गेला तर कमाईची क्षमता ७० टक्के गेली असे धरायचे, डावा गेला तर ६०. एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, बाकीचे कोणतेही बोट ५. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ४२ महिन्यांचा पगार किंवा ३५०० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. मृत्यूला ३० महिन्यांचा पगार किंवा २५०० रुपये, यांतली कमी. समजा पगार तीस रुपये : अंगठ्याचे ३१५ रुपये, करंगळीचे ६३. हा तक्ता वाचताना अंगावर काटा येतो, हे आम्ही नाकारत नाही. तरी एक मान्य करावे लागते. मेहेरबानीला आकडा नसतो. आकडा असला की तो मागता येतो. 'भरपाई' हा आपल्या जुन्या हिशेबी व्यवहारातला शब्द, पुरते फेडल्याची पावती असाही त्याचा अर्थ. बोटाची पावती कशी व्हायची, हा प्रश्न मात्र राहतोच.

१९६२ च्या दुरुस्तीने आकडे बदलले. अंगठा ३० वर गेला, तर्जनी १४ वर. पण हाताची टक्केवारी आणि माणसाची कमाई या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ठसठशीतपणे सांगितले गेले ते ओडिशातील एका सुताराच्या खटल्यात. चित्रपटगृहात सजावटीचे लाकूडकाम करताना जुलै १९६८ मध्ये तो पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. तक्त्याप्रमाणे हे अंशतः अपंगत्व. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून या माणसापुरते अपंगत्व पूर्ण. मालकाचे आणखी एक म्हणणे होते, की आयुक्ताने रक्कम ठरवीपर्यंत देणे लागूच होत नाही. न्यायालयाने तेही फेटाळले : देणे अपघाताच्या दिवसापासूनच लागू होते. हा निकाल लागला तेव्हा १९७५ चा डिसेंबर उजाडला होता.