कॅथलिक शालेय शिस्त : सद्गुण आणि दंड

भिवंडीलगतच्या वसईत पोर्तुगीज अमलात (१५३४–१७३९) जेझुइटांचे महाविद्यालय होते. या संघाच्या १५९९ च्या शिक्षणसंहितेने फटक्यांपेक्षा मानाची आशा व अपमानाची भीती अधिक परिणामकारक मानली. मारणे अपरिहार्यच ठरल्यास ते काम संघाबाहेरील व्यक्तीकडे सोपवावे, असाही तिचा दंडक होता. शिक्षा टळली नाही, केवळ हात बदलला! जॉन बॉस्को यांनी १८७७ मध्ये मांडलेली प्रतिबंधक पद्धती विवेक, धर्म व वात्सल्य यांवर उभी आहे. शिक्षकाने मुलांत सतत वावरावे, म्हणजे चुकीला वाव उरत नाही, हा तिचा गाभा. १९२८ मध्ये सालेशियन धर्मसंघीयांसोबत ती मुंबईत आली. तथापि, मोठ्या वर्गात असा वावर दुष्करच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेसह मानसिक छळासही मनाई केली; त्यामुळे संहितेतील ‘अपमानाची भीती’ हे साधनही आता आक्षेपार्ह ठरते.