ग्राहकखर्च, दोन देशांतील तुलना

एका देशातील कुटुंबांचा वस्तू व सेवांवरील खर्च दुसऱ्या देशातील तशाच खर्चाशी ताडून पाहण्याची पद्धत. कल्याण-डोंबिवलीतल्या ज्या घरांची मुले अमेरिकेत आहेत, तिथे ही तुलना बहुधा डॉलरला रुपयांनी गुणून होते. भारताच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणात शहरी भागातला माणशी मासिक खर्च ६,९९६ रुपये निघाला. ८३ च्या दराने ते सुमारे ८४ डॉलर. अमेरिकी कुटुंबाचा २०२३ चा सरासरी खर्च ७७,२८० डॉलर होता; अडीच माणसांचे घर धरले तर माणशी महिना सुमारे २,५७५. अंतर तीसपट दिसते. अमेरिकी आकड्यात निवृत्तिवेतनाची वर्गणीही मोजलेली असते, हे सहसा कोणी सांगत नाही.

हे अंतर बरेचसे विनिमय दराने फुगवलेले आहे. २०१७ मध्ये बाजारात डॉलर ६५.१२ रुपयांना होता, पण आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाने किमती ताडून काढलेला क्रयशक्ती-समता दर २०.६५ रुपये होता. तोच दर ढोबळमानाने लावला तर ६,९९६ रुपयांचे सुमारे ३४० डॉलर होतात आणि तीसपट साडेसातपटीवर येते. यावर आक्षेप असा, की मोबाइल किंवा लॅपटॉप कल्याणातही जगाच्याच भावाने मिळतो. आक्षेप खरा आहे, म्हणून वस्तुगणिक तुलना हवी. खर्चातला अन्नाचा वाटा पाहणे त्याहून उपयोगी: शहरी भारतात ३९.६८ टक्के, अमेरिकेत १२.९ टक्के. प्रवासावर मात्र अमेरिकी कुटुंब १७ टक्के घालवते, कारण तिथे मोटारीवाचून भागत नाही. कल्याणहून मुंबईला जाणाऱ्याचे काम लोकलच्या सवलतीच्या पासात होते. दारात लटकण्याची किंमत कोणत्याच सर्वेक्षणात येत नाही.

तरीही समता दराने दिलासा घेणे मला पटत नाही. इथे धुणीभांडी, केशकर्तन, इस्त्री स्वस्त आहे ती ते काम करणाऱ्यांची मजुरी कमी असल्यामुळे. एका घराची बचत ही त्याच शहरातल्या दुसऱ्या घराची तोकडी कमाई असते. सरासरी दोघांना एकत्र मिसळते. म्हणून देशांची तुलना करताना देशातलेही अंतर शेजारी मांडावे: २०२३-२४ मध्ये शहरी भारतातील तळच्या ५ टक्क्यांचा माणशी मासिक खर्च २,३७६ रुपये होता, वरच्या ५ टक्क्यांचा २०,३१०.