गिरीजहून नागासाकी, सन १५७२

गिरीजची हिरा डोंगरी काही फार उंच नाही. दत्तमंदिरापर्यंत चढलात की घाम येतो, तेवढंच. पश्चिमेला वाड्यांची हिरवी पट्टी आणि तिच्यापलीकडे समुद्र. तुमच्या पाठीवरच्या सॅकमध्ये पासपोर्ट आहे, एका वर्षाच्या एक्स्चेंजसाठी निवड झाल्याचं जपानी विद्यापीठाचं पत्र आहे, आणि आजीने शेवटच्या क्षणी कोंबलेली सुकेळी आहेत. पत्र सांभाळून ठेवा. आज उपयोगी पडणार आहेत ती सुकेळी.

आता उतरायला लागा आणि उतरताना एकेक गोष्ट वजा करत चला. आधी मोबाइलचे टॉवर जातात, मग इमारती, मग डांबर. मागे वळून पाहू नका, देऊळही राहिलेलं नाही. केळी आहेत, माड आहेत, चिखलाचा वास आहे. किल्ल्याच्या दिशेने चालत राहा. बंदरावर पोचेपर्यंत सन १५७२ उजाडलेलं असतं.

चिमाजी अप्पा यायला अजून १६७ वर्षं आहेत. ३८ वर्षांपूर्वी, १५३४ साली, गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि हा मुलूख फिरंगाण झाला. आज तुम्ही ज्या पडक्या भिंतींत फोटो काढता, तिथे आता माणसं राहतात, भांडतात, घंटा वाजली की चर्चला जातात. येशूसंघीयांची शाळा चालते. तिथे लॅटिन घोकणारी मुलं आहेत, आणि त्यातलाच एक, पंधराच्या आसपासचा, गाठोडं घेऊन धक्क्यावर उभा आहे. गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई इथली. वसईतल्या एका कॉलेजला त्याचं नाव आहे आणि गासच्या चर्चमध्ये त्याचा सण होतो, त्यामुळे तुम्ही त्याला प्रभावळीसकट ओळखता. ती प्रभावळ जरा बाजूला ठेवा. फादर सेबास्त्यांव गोन्साल्विस जपानला निघालेत, त्यांच्याबरोबर हा चाललाय. शिष्यवृत्ती, व्हिसा, परतीचं तिकीट यांतलं त्याच्याकडे काही नाही. त्याच्या मागोमाग चढा. गर्दीत कुणी विचारत नाही.

विमानाने तुम्ही एका रात्रीत पोचला असता. इथे वाऱ्याची वाट पाहावी लागते. आधी गोवा, मग कोची, मलाक्का, मकाव. प्रत्येक ठिकाणी पुढचा मोसमी वारा सुटेपर्यंत मुक्काम, आणि मकावला तो महिनोन् महिने लांबू शकतो. पाणी मोजून मिळतं. बिस्किटं दगडासारखी, त्यांत टोके. हिरड्या सुजतात, दात हलतात. सुकेळी काढा आता. अर्धी गोन्सालोला द्या. तो ती पोर्तुगीज खलाशांसमोर खात नाही, रात्री खातो. हे तुम्हालाही कळतं. परक्या मेसमध्ये घरचा डबा उघडताना तुम्ही हेच करणार आहात.

जहाजात सगळा माल चिनी रेशमाचा, जाताना. येताना जपानची चांदी. मिंग बादशहाने जपान्यांशी थेट व्यापार बंद ठेवलाय, म्हणून मधला दलाल पोर्तुगीज. धर्मप्रसार याच जहाजावर बसून जातो, हे पाद्रीही जाणतात आणि व्यापारीही. नागासाकी बंदर उघडून एकच वर्ष झालंय. ओमुरा सुमितादा नावाच्या सरदाराने, जो स्वतः ख्रिस्ती झालाय, ते १५७१ साली या जहाजांसाठी खुलं केलं.

उतरा. इथून पुढची आठ वर्षं घाई करू नका.

पहिला महिना तुम्ही मुके आहात. पाठ्यपुस्तक छापलेलं नाही, शब्दकोश नाही. जपानी-पोर्तुगीज कोश नागासाकीत छापून निघेल तो १६०३ साली, ३२ हजारांहून अधिक शब्दांचा. तोवर कान हीच वही. पोर्तुगीज पाद्री वाक्य बोलू लागले की क्रियापद आधी टाकतात आणि मग अडकतात, कारण जपानीत ते शेवटी यायला हवं. गोन्सालो मात्र अडखळत अडखळत का होईना, पण सरळ चालतो. त्याच्या आईच्या बोलीतही क्रियापद शेवटीच येतं, आणि 'ला', 'त', 'हून' नामाच्या मागे चिकटतात, जपानीत तसंच. समोरच्याचा मान क्रियापदात घालायचा, हेही त्याला उमगतं. लहानपणापासून तू, तुम्ही, आपण यांतली निवड करत आलेल्या मुलाला ते शिकवावं लागत नाही. हे माझं निरीक्षण आहे, कुठल्या पाद्र्याने लिहून ठेवलेलं नाही. पण जपानी शिकणाऱ्या कुठल्याही मराठी मुलाला विचारा.

बाकीचंही तो पटकन उचलतो. चटईवर पाय दुमडून बसणं. रोज अंघोळ, जी पोर्तुगीजांना चैन वाटते आणि वसईच्या पोराला सवय. काड्यांनी जेवणं मात्र त्याला आणि तुम्हाला सारखंच जड जातं. भात निसटतो आणि समोरची बाई तोंडावर हात घेऊन हसते.

मग तो कामाला लागतो: धर्मशिक्षक म्हणून. गावोगाव पाद्र्याच्या मागे चालायचं, पाद्री दोन वाक्यं बोलणार, हा ती वीस वाक्यांत समजावणार. प्रश्न विचारले तर उत्तरंही हाच देणार. लोकांना त्याचं जपानी आवडतं. आठ वर्षं असं चालतं. या आठ वर्षांत तो अनेकदा विचारतो, मला तुमच्या संघात घ्या. उत्तर प्रत्येक वेळी नकाराचं, किंवा 'पाहू' असं, जे आपल्याकडे नकाराचंच दुसरं नाव आहे. इथले प्रमुख आहेत फ्रान्सिश्कु काब्राल. १५७० पासून त्यांच्या हाती कारभार आहे. स्थानिकांना लॅटिन शिकवू नये, ते बरोबरीला येतील, अशा मताचा हा माणूस. आईकडून हिंदुस्थानी असलेल्या मुलाला त्यांच्या काळात बढती मिळेल, ही आशाच भाबडी होती.

१५७७ साली मुद्दाम थांबा. एका जहाजातून आणखी एक मुलगा उतरतोय. जुआंव रॉड्रिग्ज, मूळ पोर्तुगालच्या एका डोंगराळ गावातला, सोळाच्या आसपासचा. तोही ऐकून ऐकून जपानी शिकणार, तोही दुभाषा होणार, इतका चांगला की 'दुभाषा' हेच त्याचं टोपणनाव पडेल. फरक एवढाच की १५८० साली येशूसंघ त्याला आत घेतो. त्याच सुमारास गोन्सालो बाहेर पडतो. मला हा योगायोग ठरवून रचल्यासारखा वाटतो, पण तारखा तशाच आहेत.

तो रागावून निघाला की थकून, त्याच्या चेहऱ्यावरून तुम्हाला कळत नाही. तो व्यापारात पडतो आणि चांगला जम बसवतो. भाषा येणारा, दोन्ही बाजूंचा विश्वास असणारा माणूस या समुद्रात सोन्याच्या भावाचा आहे. ही वर्षं पटकन ओलांडा. माल, हुंड्या, हिशेब.

फक्त १५८२ च्या मार्चमध्ये मकावला एक चक्कर मारा, कारण तिथे तुमच्यासारखेच चौघे उतरताहेत, उलट्या दिशेने निघालेले. इतो मान्शो, चिजिवा मिगेल, नाकाउरा जुलियन, हारा मार्टिन्यो. तेरा-चौदा वर्षांचे, किमोनोतले. क्युशूच्या ख्रिस्ती सरदारांनी त्यांना रोमला पाठवलंय. मकाव, मलाक्का, कोची, गोवा या वाटेनेच ते लिस्बनला जातील, १५८५ साली पोप तेराव्या ग्रेगरीला भेटतील, आणि परत येताना, १५८७ साली, गोव्यात हारा मार्टिन्यो अस्खलित लॅटिनमध्ये भाषण करील. ते भाषण पुढच्या वर्षी गोव्यातच छापलंही जाईल. या सगळ्यामागे आलेस्सांद्रो वालिन्यानो नावाचा इटालियन पाद्री आहे. तो १५७९ मध्ये जपानला आला आणि काब्रालशी त्याचं वाजलं: पाद्र्यांनी जपानी शिकलंच पाहिजे, जपान्यांना संघात घेतलंच पाहिजे, म्हणाला. टाळ्या वाजवण्याआधी एक ऐका. हाच वालिन्यानो जपान्यांना गोरे म्हणतो, आणि हिंदुस्थानातल्या लोकांना काळे, कमी कुवतीचे. मार्टिन्यो पुढे, १६०८ साली, पाद्री होईल. वालिन्यानो आल्यावर दार उघडलं, पण वसईच्या मुलासाठी नाही.

मनिलाला मात्र ते उघडतं. तिथल्या फ्रान्सिस्कन मठात गोन्सालो ब्रदर होतो. पैसा वाटून टाकतो. आणि १५९३ साली स्पेनच्या गव्हर्नरला जपानला वकिलात पाठवायची असते, तेव्हा तिला दुभाषा हवाच असतो.

हिझेनमधल्या नागोया किल्ल्यात तुम्ही त्याच्या मागे गुडघ्यांवर बसा. हे आजचं मोटारींचं नागोया नव्हे. क्युशूच्या टोकाला, कोरियावरच्या स्वारीसाठी जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने उभारलेली छावणी आहे ही. हिदेयोशी चिडखोर आहे. फिलिपाइन्सने मांडलिकत्व पत्करावं, नाही तर फौज पाठवतो, असं सुनावतो. वकिलातीचे प्रमुख फादर पेद्रो बाउतिस्ता स्पॅनिशमध्ये उत्तर देतात: मैत्री कबूल, ताबेदारी नाही. आता सगळ्या दरबाराचे डोळे एका माणसावर आहेत. 'नाही' हा शब्द जपानीत कसा ठेवायचा, की तो नाहीही राहील आणि मानही? तुमच्या परीक्षेत असा प्रश्न येत नाही. गोन्सालो बोलतो. कुणाचंही डोकं उडत नाही. उलट त्यांना क्योतोत राहायची परवानगी मिळते, तिथे ते चर्च आणि महारोग्यांसाठी इस्पितळ काढतात.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे हे स्पॅनिश गलबत तोसाच्या किनाऱ्याला लागतं, माल जप्त होतो, संशय वाढतो, धरपकड होते. क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापतात. मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंत जवळजवळ महिनाभराची वाट. त्यांच्या पुढे एक फळी नेतात, तिच्यावर शिक्षा लिहिलेली: हे लोक फिलिपाइन्सहून वकील म्हणून आले आणि बंदी असलेला धर्म शिकवू लागले. आता तुम्हाला ते वाचता येतं. निघताना ते २४ होते, वाटेत दोघांची भर पडली.

५ फेब्रुवारी १५९७. निशिझाका टेकडी. २६ क्रूस. सर्वांत आधी गोन्सालोला बांधलं, अशी परंपरा आहे. त्यांच्यात तेरा वर्षांचा अंतोनियो आहे, बाप चिनी, आई इथलीच, नागासाकीची. दोन मातींचा मुलगा ओळखायला गोन्सालोला एक नजर पुरली असेल.

क्रुसांच्या रांगेतून दोन येशूसंघी पाद्री फिरताहेत. धीर देण्यासाठी त्यांना परवानगी मिळालीय. एक फादर पासियो. दुसरा रॉड्रिग्ज, तोच, १५७७ च्या जहाजातला. दोन दुभाषे, एक वर, एक खाली, आणि दोघांच्या मधली भाषा दोघांनाही या देशानेच दिलेली. रोमने गोन्सालोला संत म्हणून जाहीर करायला १८६२ उजाडणार आहे, तेव्हा वसई इंग्रजांकडे असेल. रॉड्रिग्जला तितकं थांबावं लागत नाही. १६०४ पासून, याच गावात, जपानी भाषेचं पहिलं छापील व्याकरण निघू लागेल, आणि मुखपृष्ठावर त्याचं नाव असेल.