कात्रपचं जुनं घर आणि कागदावरून सुटलेली माणसं

ज्यांना हा भाग ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे तो इथे लिहून काढलाय. बोलण्यातली वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी सगळं तसंच.

आज जायचंय बदलापूरला, पूर्वेला, कात्रपमध्ये. तिकडच्या जुन्या गल्ल्यांमधून कधी चाललात तर चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारती दिसतील. बाहेर काढलेल्या ग्रिल, भिंतींवर पावसाळ्याचे काळे ओघळ आणि विजेच्या खांबावर चिकटवलेला कागद : ‘वन आरके, नवीन टाइल्स, लोन होईल.’ या ‘लोन होईल’मागे केवढा इतिहास आहे, ते मला माझ्या मामामुळे कळलं.

मामा रेल्वेतून रिटायर झाला. फंडाच्या पैशातून २०१८ मध्ये त्याने कात्रपला तळमजल्यावरचं एक जुनं वन आरके घेतलं. बेत साधा होता. घर नीट करायचं, सहा महिन्यांत विकायचं आणि सुटणाऱ्या पैशात मुलीचं लग्न करायचं. करारनामा रीतसर रजिस्टर झाला होता, घरपट्टी आधीच्या माणसाच्या नावावर होती, लाइटबिल होतं. मामाला वाटलं, आता फक्त गवंडी आणि प्लंबर. आपल्यालाही असंच वाटलं असतं.

काम काढल्यावर पहिला दणका बाथरूमने दिला. जुन्या लोखंडी पाइपाला हात लावला तर तो हातातच आला. नवं प्लास्टर पंधरा दिवसांत फुगलं, कारण ओल वरच्या घराच्या संडासातून येत होती. आता हा खर्च कोणाचा? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची आणि बाहेरचे पाइप सोसायटीने बघायचे, घरातल्या संडास-सिंकमुळे होणारी गळती त्या सभासदाने. कागदावर सोपं आहे. पण वरच्या घरात भाडेकरू, मालक पुण्याला, तो फोन उचलत नाही. शेवटी मामाने स्वतःच्या पैशाने वरच्याची फरशी उखडून वॉटरप्रूफिंग करून दिलं. मग गवंडी म्हणाला, ‘काका, ही मधली भिंत काढू, रूम मोठी दिसेल.’ नशीब, मामाने आधी इंजिनिअरला दाखवलं. तो म्हणाला, ‘या वयाच्या इमारतीत विचारल्याशिवाय काहीही फोडू नका.’

हा सल्ला उगाच नव्हता. कात्रपपासून कल्याणच्या दिशेने दोन स्टेशनं गेलं की उल्हासनगर. मे २०२१ मध्ये तिथे पंधरा दिवसांच्या आत दोन जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसं गेली. म्हणून टाइल्सच्या आधी स्ट्रक्चरल ऑडिट. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी, ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी, असं उपविधीच सांगतात.

असो. साडेचार लाख खर्चून घर झालं एकदम झकास. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, पांढऱ्या टाइल्स. गिऱ्हाईकही आलं. कळव्याचं तरुण जोडपं, अर्थात बँकेचं कर्ज काढून घेणारं. कागद बँकेच्या वकिलाकडे गेले आणि आठ दिवसांत परत आले. शेरा एका ओळीचा : मालकीची साखळी तुटलेली आहे.

मामा हादरला. ‘अरे, रजिस्ट्रेशन झालंय ना माझं!’

इथेच आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, मंडळी. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणारा खरोखर मालक आहे की नाही याची खात्री तो देत नाही. घरपट्टीचंही तेच. नगरपालिका कर घेते म्हणजे मालकी कबूल करते असं नाही. मालकी सिद्ध होते ती साखळीने. बिल्डरपासून आजच्या माणसापर्यंत प्रत्येक कडी जुळावी लागते, आणि त्याच्याही मागे जमिनीची साखळी असते.

मग मी आणि मामाने ही साखळी मागे मागे ओढत नेली. ती थेट भातखाचरांत गेली.

कल्याणहून खोपोलीकडे आगगाडी १८५६ मध्ये सुरू झाली. तरी पुढची शंभर वर्षं आणि आणखी काही, हा भाग शेतीचाच राहिला. कुळगाव, बदलापूर, कात्रप, मांजर्ली, बेलवली ही वेगवेगळी गावं. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचा मालक मानलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या कागदावर नसलेला माणूस कागदावर आला! पण त्याला एक अट होती. कलम ४३ प्रमाणे ती जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नव्हती. हेतू चांगला होता, कुळाला कोणी फसवून जमीन काढून घेऊ नये म्हणून. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात आजही कुठे कुठे ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा सापडतो. २०१४ मध्ये ही अट सैल झाली. खरेदीला दहा वर्षं होऊन गेली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा भरून पूर्वपरवानगीशिवाय व्यवहार करता येतो. पण त्याआधी परवानगी न घेता झालेल्या व्यवहारांचं भूत मानगुटीवर बसलेलंच आहे.

१९८२ चा गिरणी संप आणि त्यानंतरची वर्षं आठवा. मुंबईत खोली परवडेना, लोक लोकलच्या रुळांबरोबर पुढे पुढे सरकत गेले. डोंबिवली भरली, कल्याण भरलं, मग अंबरनाथ, बदलापूर. शेतात इमारती उठल्या. बिल्डर बऱ्याचदा जमीन विकत घेतच नसे. शेतकऱ्याकडून विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र करून घेई आणि बांधायला लागे. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचंच. तो वारला की मुलं, मुली, सुना, नातवंडं अशी वारसांची यादी लांबत जाते. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता आणि तुमच्या इमारतीखालची जमीन कागदावर पंचवीस जणांची असते.

बरं, परवानगी कोणाची, हाही घोळच. आधी स्थानिक संस्था वेगळ्या होत्या. १९८३ मध्ये कल्याण महापालिका झाली, तिच्यात अंबरनाथ-बदलापूरही गेलं. १९९२ मध्ये ते बाहेर पडलं आणि पुन्हा नगरपालिका आली. जुन्या इमारतीचा मंजूर नकाशा शोधायचा तर पहिला प्रश्न हाच, की तो कोणत्या वर्षीचा आणि त्या वर्षी कार्यालय कोणतं? २००१ मध्ये कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांच्या घरात गेली. दहा वर्षांत शहर जवळजवळ दुप्पट झालं. कागदांना त्या वेगाने पळणं जमलं नाही, हे सरळ आहे.

१९६३ चा मोफा कायदा मात्र तेव्हाही होता. तो सांगत होता, २० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेण्याआधी करारनामा करा आणि तो नोंदवा, सोसायटी करून द्या, जमीन तिच्या नावावर करा. कित्येक बिल्डरांनी पहिलं केलं आणि शेवटचं विसरले. म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची सोय आली. बिल्डर सही करत नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून जमीन आपल्या नावावर करून घेऊ शकते. पुढे २०१७ पासून महारेरा आलं. पण नुसत्या महारेरा नंबरवरही विसंबू नका. शेजारच्या डोंबिवलीत ६५ इमारतींना खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवल्याचं उघड झालं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. त्यात घर घेतलेल्यांचा दोष काय होता? त्यांनी मूळ परवानगी ज्या कार्यालयाची, तिथे जाऊन विचारलं नव्हतं, एवढाच.

आता परत मामाच्या वन आरकेकडे येऊ. त्याची साखळी तुटली होती ती जमिनीत नाही, माणसांत.

घर पहिल्यांदा घेतलं ते एका गिरणी कामगाराने, १९९४ मध्ये, रजिस्टर करारनाम्याने. २००१ मध्ये तो वारला. मृत्युपत्र नव्हतं. सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव लागलं. मुलाने २००७ मध्ये पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून आणि कुलमुखत्यारपत्र देऊन घर एकाला दिलं. त्या माणसाने २०१८ मध्ये ते मामाला विकलं.

यात चुका तीन. एक, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी त्याच्याशी व्यवहार करते, पण हक्क सगळ्या वारसांचा राहतो. दोन, कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात ते स्पष्टच सांगितलं. तीन, आणि ही सगळ्यात मोठी. त्या कामगाराला एक मुलगीही होती.

मामा म्हणाला, ‘पण मुलींचा हक्क तर २००५ पासून ना?’ हे मी किमान पन्नास जणांकडून ऐकलंय. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेबद्दल आहे. महाराष्ट्राने तर तशी दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती. पण बापाने स्वतःच्या कमाईने घेतलेलं घर असेल आणि तो मृत्युपत्र न करता गेला, तर बायको, मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा, हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातच आहे. म्हणजे २००७ मध्ये भाऊ सही करत होता, तेव्हा बहिणीचा हक्क काही नवीन नव्हता. फक्त तिला कोणी विचारलं नाही.

आई तोवर गेली होती. भाऊ सापडला, सही द्यायला तयारही झाला, पण म्हणाला, ‘ताईचं तुम्ही बघा. आमचं बोलणं नाही.’

मामा गेला. सांगली जिल्ह्यात, एका लहान गावात. मी बरोबर होतो. मामाने पिशवीतून कागद काढले, सगळं खरं खरं सांगितलं. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘दादा कधीतरी विचारायला येईल असं वाटायचं मला. तुम्ही पहिले आलात.’

मामाला काय बोलावं सुचेना. त्या पुढे म्हणाल्या, ‘मला माझा हिस्सा पाहिजे, फुकट सही देणार नाही. आणि एकदा घर बघायचंय.’

त्या आल्या. नव्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘इथे मोरी होती. आई इथे बसून भांडी घासायची.’ मामा त्यांना पांढऱ्या टाइल्स दाखवायला गेला आणि मध्येच थांबला.

पुढे भाऊ-बहीण दोघांनी मिळून रजिस्टर दस्त करून दिला, मुद्रांक भरला, बाईंना पैसे दिले. या सगळ्यात दोन वर्षं गेली. कळव्याचं जोडपं केव्हाच दुसरीकडे गेलं होतं. घर शेवटी विकलं गेलं, पण मामाचा नफा जवळपास शून्य. मुलीच्या लग्नाला त्याने कर्ज काढलं. मामी अजून म्हणते, ‘एवढ्यात एफडी केली असती.’

मी मात्र यातून एक गोष्ट शिकलो. आपण म्हणतो ‘प्रॉपर्टीची भांडणं’, जणू ती लोभी माणसांची असतात. काही असतातही. पण कात्रपच्या त्या एका खोलीच्या मागे जाऊन बघितलं तर प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट दिसते. कागद करताना कोणीतरी सुटलेलं असतं. आधी कूळ, मग शेतकऱ्याचे वारस, मग सोसायटी, मग घरातली मुलगी. १९५७, १९६३, २००८ हे कायदे म्हणजे सुटलेल्या माणसाला परत कागदावर आणायचे प्रयत्नच आहेत. १९५६ च्या कायद्याने तर ती आधीच कागदावर होती, आपणच तिला वगळलं. आणि ही थकबाकी शेवटी भरतो तो, ज्याने शेवटचा रंग दिला.

म्हणून जुनं घर नीट करून विकायचा विचार असेल तर हातोडा उचलायच्या आधी एवढं करा. पहिल्या करारनाम्यापासून सगळे दस्त आणि इंडेक्स टू मागा. साखळीत जो वारला असेल त्याचे सगळे वारस मोजा, मुली धरून. जमीन कोणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर बघा. भोगवटा प्रमाणपत्र मागा. पाण्याची आणि घरपट्टीची थकबाकी तपासा. स्ट्रक्चरल ऑडिट वाचा. वरच्या मजल्यावर जाऊन चहा प्या आणि संडासाची फरशी बघून या. स्वतःचा वकील लावा, विकणाऱ्याचा नको.

आणि कोणी म्हणालं, ‘ती बहीण काय, तिचं काही नसतं,’ तर पैसे देऊ नका. आधी तिच्या गावचं तिकीट काढा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.