पात्र तेच, गुन्हा नवा

बॅसिल रॅथबोन याने 1939 ते 1946 या काळात 14 चित्रपटांत शेरलॉक होम्स रंगविला. चार्ली चॅन या चिनी गुप्तहेरावर 1931 ते 1949 या काळात 40 हून अधिक बोलपट निघाले. एका तिकिटात दोन चित्रपट दाखविण्याची तेव्हा अमेरिकेत रीत होती आणि यांपैकी बहुतेक चित्रपट दुय्यम म्हणूनच काढले गेले. नेपथ्य दुसऱ्या चित्रपटाचे, नटसंच ठरलेला, लांबी तास-सव्वा तास. समीक्षकांनी त्यांना फारसे महत्त्व दिले नाही. प्रेक्षक मात्र पुन्हा पुन्हा येत राहिले.

अशी मालिका मराठी चित्रपटात का रुजली नाही? मुंबईत स्वस्त थरारपट नव्हते असे नाही. वाडिया मूव्हीटोनचा ‘मिस फ्रंटियर मेल’ (1936) रेल्वेवरील गुन्ह्यांभोवतीच फिरतो. परंतु प्रेक्षक येई तो नादियासाठी. चित्रपट बदलला की तिचे पात्र बदले. आपला बोलपट नटाच्या नावावर चालला. गुप्तहेराच्या मालिकेत याउलट घडते: तेथे पात्र टिकते आणि नट बदलतात. वॉर्नर ओलंडच्या निधनानंतर चार्ली चॅन सिडनी टोलरच्या रूपाने पुढे चालू राहिला.

पात्राशी जडणारे हे नाते मराठी वाचकाला पडद्याऐवजी हलक्या कागदावर लाभले. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा धनंजय हा सरळ गुप्तहेर. झुंझार आणि काळापहाड हे मात्र कायद्याच्या काठावर वावरणारे. कथानक विसरले जाई, नायक लक्षात राही. वाचक पुस्तक मागे ते नायकाच्या नावाने.

टिटवाळ्यासारख्या ठिकाणाहून पाहिले तर या आकर्षणाचे एक साधे कारण दिसते. येथून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे 64 किलोमीटर. लोकलने दीड तासाच्या आसपास. अशा वेळात एक छोटे पुस्तक संपते, एक दुय्यम चित्रपटही संपतो. गुन्हा घडतो, उलगडतो आणि न्याय होतो. दिवसभराच्या कामात क्वचितच मिळणारी पूर्तता तेथे हमखास मिळते. पुनरावृत्तीला आपण दोष मानतो. परंतु कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यालाही आख्यानाचा शेवट ठाऊक असतोच. त्याची उत्सुकता शेवट कसा गाठला जातो याची असते.

हा वारसा पुढे दूरचित्रवाणीने उचलला. बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकाचे नाव घेऊन आली. त्यांचीच हिंदी ‘सीआयडी’ 1998 ते 2018 अशी वीस वर्षे चालली आणि 2024 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. दोन्हींत शिवाजी साटम होते. पात्र तेच, गुन्हा नवा. सूत्र बदललेले नाही.

या मालिकांचे दोष झाकण्याचे कारण नाही. चार्ली चॅनची प्रमुख भूमिका करणारे ओलंड आणि टोलर हे दोघेही चिनी नव्हते. चिनी माणसाविषयीच्या ठरीव कल्पना त्या चित्रपटांत ठायी ठायी दिसतात. परंतु म्हणूनच ते महत्त्वाचे पुरावे ठरतात. घाईने निर्माण झालेली कृती आपल्या काळाची भीती आणि पूर्वग्रह सहसा लपवीत नाही. थोर साहित्याला ते लपविण्याइतकी सवड असते.

चित्रपटांसाठी पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. हलक्या कागदावरील रहस्यकथा मात्र फिरत्या वाचनालयांतून हातोहाती झिजल्या आणि रद्दीत गेल्या. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 सालचे. इतकी जुनी वाचनपरंपरा असलेल्या या परिसरातील विद्यार्थ्यांनी घराघरांतील उरलेल्या प्रतींची सूची केली, तर तो मराठी वाचकाचा इतिहास होईल. अभ्यासक्रमात कोणती पुस्तके लागली याची नोंद आपल्याजवळ आहे. लोकांनी रात्र जागवून काय वाचले, त्याची नोंद करावयाची तर उरलेल्या प्रती हाती आहेत तोवरच ती करावी लागेल.