ठिणगी आणि इंधन: १९८३ च्या विश्वविजेतेपदामागचे गणित

१/ ६ जून १९८२, डेट्रॉइट. फॉर्म्युला वनचा विद्यमान विश्वविजेता नेल्सन पिके शर्यतीसाठी पात्रसुद्धा ठरला नाही. त्याच्या ब्रॅभॅम गाडीतील बीएमडब्ल्यूचे टर्बो इंजिन साथ देईना. सातच दिवसांनी मॉन्ट्रियलमध्ये याच इंजिनाने आपली पहिली शर्यत जिंकली.

२/ इंजिन दिसायला साधे होते. चार सिलिंडर, दीड लिटर क्षमता आणि १९६० च्या दशकातील प्रवासी मोटारीवरून घेतलेला बिडाचा ब्लॉक. पॉल रोशे यांच्या चमूने त्यातून सहाशेहून अधिक अश्वशक्ती मिळवली. टर्बोने हवा कोंबणे हा त्यातला सोपा भाग.

३/ कोंबलेली हवा तापते. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर पसरण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकले, तर आत हातोडा बसल्यासारखा आघात होतो. हेच नॉकिंग. पिस्टनला भोक पडायला एवढे पुरते.

४/ त्यावर तेव्हाही दोन उपाय होते आणि दोन्हींची किंमत मोजावी लागे. ठिणगी उशिरा टाकली तर नॉकिंग टळते. पण शक्ती घटते आणि जळते वायू अधिक तप्त होऊन टर्बाइनवर आदळतात. पेट्रोल जास्त सोडले तर त्याच्या बाष्पीभवनाने मिश्रण थंड राहते. मात्र टाकी लवकर रिकामी होते. एक सावरावे तर दुसरे बिघडते.

५/ शिवाय मिनिटाला ११,००० फेरे म्हणजे एका फेऱ्याला साडेपाच सहस्रांश सेकंद. टर्बोचा दाब क्षणोक्षणी बदलत असताना यांत्रिक रचनेला हा मेळ अचूक राखणे अवघड होते. बीएमडब्ल्यूने ते काम बॉशच्या डिजिटल नियंत्रकाकडे सोपवले. डेट्रॉइट ते मॉन्ट्रियल हा पल्ला नशिबाचा वाटतो. १९८३ चे यश मात्र या चिकाटीचे होते.

६/ त्या वर्षी दोन गोष्टींनी हात दिला. शर्यतीच्या मध्यावर इंधन भरण्याची मुभा होती, त्यामुळे सढळ मिश्रण परवडे. ब्रॅभॅमने गाडीच लहान टाकीची बांधली. हंगामाच्या उत्तरार्धात विंटरशालचे टोल्युइनयुक्त इंधन आले. टोल्युइन दाबाखाली सहजासहजी आपोआप भडकत नाही, म्हणजे दाब वाढवूनही ठिणगी योग्य वेळी टाकता येते. त्याच्या वैधतेवरून पुढे वाद झाला. निकाल बदलला नाही.

७/ १५ ऑक्टोबर १९८३, कियालामी. अ‍ॅलन प्रॉस्टच्या रेनॉचा टर्बो निकामी झाला. पिकेने वेग आवरता घेतला आणि तिसरा आला. गुण ५९ विरुद्ध ५७. टर्बो इंजिनावरचा हा पहिला विश्वविजेता.

८/ १९८४ मध्ये नियम फिरले. शर्यतीत इंधन भरण्यास बंदी आणि टाकीची मर्यादा २२० लिटर. पिकेने नऊ वेळा पहिल्या क्रमांकावरून सुरुवात केली, शर्यती जिंकल्या दोनच. त्यांपैकी एक डेट्रॉइटची.