अश्वशिक्षण, मराठेकालीन

घोडा व स्वार यांना परस्परांच्या सवयीचे करून दूरचा प्रवास, टेहळणी, पाठलाग व युद्ध या कामांस योग्य बनविण्याची महाराष्ट्रातील परंपरा. सतराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ही परंपरा जोमात होती. तिचा इतिहास बहुधा लढायांच्या अनुषंगाने सांगितला जातो. तथापि घोडा कोणाच्या मालकीचा, या एका प्रश्नाने त्या शिक्षणाचे स्वरूप जितके ठरविले, तितके रणनीतीनेही ठरविले नसावे.

अश्वविद्येचा शास्त्रीय वारसा यापूर्वीचा आहे. शालिहोत्र, नकुल व जयदत्त यांच्या नावांवर असलेल्या संस्कृत ग्रंथांत घोड्याची लक्षणे, वय, चाली व रोग यांचे विवेचन आढळते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या कोशवजा ग्रंथात घोडे फेरण्याची जागा, त्यांची निवड आणि घोड्यावरून खेळावयाचा चेंडूचा खेळ यांना स्वतंत्र स्थान आहे. (हे कल्याण म्हणजे कर्नाटकातील बसवकल्याण होय, ठाणे जिल्ह्यातील कल्याणशी त्याची गल्लत करू नये.) हे सर्व शास्त्र राजाश्रयाचे असून त्यातील घोडा मुख्यतः राजाच्या वाहनाचा व करमणुकीचा आहे. मराठी फौजेतील घोड्याचे काम याहून निराळे व पुष्कळच खडतर होते.

ते काम करणारे जनावर अंगाने लहान होते. भीमा, नीरा व माण या नद्यांच्या काठी पैदास होणारी घोडी ‘भीमथडी’ या नावाने प्रसिद्ध होती. अरबी घोड्याचा देखणेपणा त्यांच्या ठायी नव्हता. परंतु कडबा व थोडी चंदी यांवर ती राहत, खडकाळ वाटेवर त्यांचे पाय टिकत आणि लांबच्या मजला त्या मानाने त्यांना सहज साधत. मोगली स्वाराच्या वजनदार घोड्याशी समोरासमोर टक्कर घेणे त्यांना शक्य नव्हते. यामुळे त्यांच्या शिक्षणात धडक देण्यापेक्षा वळण्याला, थांबण्याला आणि पुन्हा वेग घेण्याला महत्त्व आले.

शिवाजी महाराजांच्या घोडदळाची रचना कृष्णाजी अनंत सभासद याने आपल्या बखरीत (१६९७) दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी व सर्वांवर सरनोबत, अशी ती चढती रचना होती. त्यातील एक तपशील येथे विशेष महत्त्वाचा आहे. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी व नाल या दोन गोष्टींवर घोड्याचे सारे शिक्षण अवलंबून असते, हे ज्याने ही नेमणूक ठरविली त्यास उत्तम माहीत होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार आपला घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई. महाराजांचा कल बारगिरांकडे होता व शिलेदारांनाही पागेच्या ताब्यात ठेवण्याची व्यवस्था होती.

या घोडदळाची खरी कसोटी रणांगणाइतकीच पावसाळ्यात लागे. दसऱ्यानंतर फौज मुलूखगिरीस निघे व पावसाच्या तोंडावर छावणीस परते. देशावरच्या कोरड्या हवेत वाढलेल्या घोड्यास कोकणचा पावसाळा मानवत नाही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर हा प्रश्न उत्तर कोकणातही उभा राहिला. भिवंडीहून पडघा व शहापूर यांवरून थळ घाटाकडे जाणारी वाट पाहिली, तर त्याचे स्वरूप लक्षात येते. पडघ्याच्या आसपास उन्हाळ्यात माळ व रिकामी, भेगाळलेली भातखाचरे असतात. आषाढात तीच खाचरे चिखलाने भरतात. ओल्या जमिनीत सतत उभ्या राहणाऱ्या घोड्याचा खूर मऊ पडतो, खुराखालची पुतळी सडते आणि उत्तम शिकविलेले जनावर महिन्याभरात निकामी होते. खाचरांचे बांध पाहून पाऊल टाकणे, निसरड्या उतारावर मागच्या पायांवर भार घेऊन उतरणे, या गोष्टी देशावरच्या घोड्याला येथे नव्याने शिकाव्या लागतात. घोडदळाच्या मोठ्या पागा घाटमाथ्यापलीकडे का राहिल्या, याचे एक कारण या जमिनीतच आहे.

चिपळूणनजीकच्या छावणीतील अधिकाऱ्यांना महाराजांनी १६७० नंतरच्या दशकात लिहिलेले पत्र या संदर्भात सुपरिचित आहे. दाणा व वैरण आताच मनास येईल तशी उधळली, तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय आहे. मग शिपाई कुणब्यांचे धान्य, गवत व भाजी ओरबाडू लागतील आणि रयतेस मोगल बरा वाटेल, असेही त्यात बजावले आहे. दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल व गवताची गंज पेटेल, इतक्या बारकाव्यापर्यंत हे पत्र उतरते. ते सामान्यतः रयतेविषयीच्या कळवळ्यासाठी उद्धृत केले जाते. पागेच्या व्यवस्थापनाचा दस्तऐवज म्हणूनही ते तितकेच वाचनीय आहे.

प्रत्यक्ष शिक्षणाचे काम चाबूकस्वाराकडे असे. शिंगरू माणसाळल्यावर त्यास प्रथम दोरावर वर्तुळात फिरवीत. या फिरविण्यास ‘कावा’ म्हणत व आखूड कावा घेता येणे ही घोड्याच्या तयारीची खूण मानली जाई. वर्तुळात फिरताना घोडा अंग वाकविण्यास, दोन्ही बाजूंना सारखे वळण्यास व आवाजाचा इशारा ओळखण्यास शिकतो. ‘गनिमी कावा’ या शब्दातील कावा याच मैदानावरून आला असावा. समोर चालून न जाता वळसा घेऊन आडबाजूने येणे हा दोहोंतील समान अर्थ आहे. यापुढे खोगीर, तंग व लगाम यांची सवय आणि मग स्वार. कदम, दुडकी, रहवाल व चौखूर या चालींतून एकीतून दुसरीत घोडा गडबड न करता गेला पाहिजे, यावर भर असे. लांबच्या मजलेत रहवाल चालीचा घोडा स्वाराला थकवीत नसे. म्हणून तिला मोल अधिक.

मराठा स्वाराचे मुख्य शस्त्र लांब भाला. तो उजव्या हातात असल्याने लगाम एकट्या डाव्या हातात राही. दोन्ही हातांनी तोंड ओढून घोडा वळविण्याची सोय येथे नव्हती; लगामाचा दोर मानेला एका बाजूने टेकताच घोड्याने दुसऱ्या बाजूस वळणे आवश्यक होते. बाकीचे इशारे मांडीचे व अंगाच्या तोलाचे. मराठ्यांच्या घोड्यांना भरधाव वेगात एकाएकी थांबविता व जागच्या जागी फिरविता येई, याची नोंद युरोपीय निरीक्षकांनी केली आहे. तसेच काटेरी लगामाच्या वापराबद्दल नाराजीही दर्शविली आहे. ही नाराजी रास्त आहे. कठोर लगामाने घोडा थांबतो, परंतु हलक्या हाताचा स्वार नसेल तर तो तोंडाने बधिर होतो व मग कोणताच लगाम चालत नाही.

म्हणून स्वाराचे शिक्षण घोड्याच्या शिक्षणापासून वेगळे काढता येत नाही. खरारा करणे, खूर उचलून पाहणे, चंदी वेळेवर देणे, घामेजल्या घोड्याला लगेच पाणी न पाजणे ही कामे मोतद्दारावर सोपवून निर्धास्त राहणारा स्वार मोहिमेत फसे. शिलेदाराच्या बाबतीत तर घोडा हीच त्याची इस्टेट होती. तो लढाईत पडला व भरपाई मिळाली नाही, तर शिलेदाराचा दर्जा, वेतन व घरची चूल एकदमच जात. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठा छावण्यांत वावरलेल्या युरोपीयांनी असे निरीक्षण नोंदविले आहे, की शिलेदार घोडा धोक्यात घालण्यास नाखूश असतात. त्यांनी यास भ्याडपणा म्हटले नाही, हे योग्यच झाले. पागेतील बारगीर घोडा पणाला लावू शकत होता, कारण तो त्याचा नव्हता. मात्र त्याच कारणाने तो त्याला निष्काळजीपणे राबवूही शकत होता. शिलेदाराचा घोडा अधिक जपलेला व बहुधा अधिक चांगला शिकलेला असे, परंतु ऐन प्रसंगी तो मागे राही. हा पेच मराठेशाहीत अखेरपर्यंत सुटला नाही.

इंग्रजांनीही तो वारशाने घेतला. १८१७ च्या पुणे तहान्वये उभारलेल्या पुणे साहाय्यक घोडदळापासून पुढे ‘पूना हॉर्स’ ही पलटण आली. १८५७ नंतर बहुतेक हिंदी रिसाल्यांत शिलेदारी पद्धत रूढ झाली. स्वार ठराविक रक्कम भरून घोडा व सामान मिळवी आणि घोडा मेल्यास वर्गणीच्या निधीतून दुसरा घेतला जाई. शांततेच्या काळात ही व्यवस्था स्वस्त ठरली. पहिल्या महायुद्धात हजारो घोडे एकदम मरू लागले तेव्हा ती कोलमडली व युद्धानंतर लवकरच रद्द झाली.

रिसाल्यांतील सरावाचे रूपांतर खेळात झाले. धावत्या घोड्यावरून भाल्याने जमिनीतील मेख उचलणे हा त्यांपैकी प्रमुख होय. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांत अश्वारोहणाचा प्रथमच समावेश झाला व भारताने त्यात तीन सुवर्णपदके मिळविली. त्यांपैकी एक मेख उचलण्याचे होते. यानंतरचे सुवर्ण २०२३ मध्ये हांगचौ येथे ड्रेसाजच्या सांघिक स्पर्धेत मिळाले. या संघात मुंबईचा हृदय छेडा हा स्वार होता.

अमेरिकेत गुराख्यांच्या घोड्यांच्या कामातून ‘रँच रायडिंग’ हा प्रकार निघाला असून अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन या संस्थेने २०१२ पासून त्याच्या स्पर्धा सुरू केल्या. सैल लगामावर चालणे, दुडकी व धाव, त्यांतील वेग वाढविणे व कमी करणे, थांबणे, मागे सरणे आणि जमिनीवरील ओंडके पार करणे यांची त्यात परीक्षा होते. सत्तर गुण ही मध्यम कामगिरी धरून प्रत्येक क्रियेगणिक दीडपर्यंत गुण वाढतात किंवा घटतात. दिमाखापेक्षा कामाच्या घोड्याची तयारी तेथे पाहिली जाते. भीमथडी तट्टाकडून जे अपेक्षित होते, त्याच्याशी याचे साम्य नजरेत भरते. दोन्हीकडे स्वाराचा एक हात दुसऱ्या कामासाठी मोकळा हवा होता.

मोठ्या फौजा मोडल्यावर भीमथडी घोड्याची मागणी ओसरली व एकोणिसाव्या शतकातच त्याची पैदास खालावली. सैन्यातून गेलेले हे जनावर मेंढपाळ धनगरांनी टिकविले. पावसाळा सरल्यावर मेंढ्यांचे कळप घेऊन देशावरून कोकणात उतरणाऱ्या धनगरांची बिऱ्हाडे आजही तट्टांच्या पाठीवर असतात. २०२४ च्या आरंभी कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली.